बगॅसच्या धुरातला कार्बन पकडायचा का?

गोदाकाठ: हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुरात १२ टक्क्यांच्या आसपास. पकडायचा तर मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांच्या धुराड्यावरच पकडावा, आणि त्यासाठी शोषकाचा, म्हणजे वायू धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, लेप दिलेले हीट एक्स्चेंजर (उष्णता देण्या-घेण्याच्या, पाती बसवलेल्या नळ्या) लावून बघावेत, असं माझं ठाम मत आहे.

झिओलाइटसारख्या सच्छिद्र पदार्थावर हा वायू थंडपणी चिकटतो, तापवला की सुटतो. एरवी त्याचे मणी टाकीत भरतात. पण चिकटताना उष्णता निघते आणि मण्यांतून ती फार हळू सरकते. पोतं उन्हात ठेवलं तरी आतली ज्वारी गारच राहते, तसं. चिकटवणं आणि सोडवणं अशा एकेका फेऱ्याला तास जातात. तोच पदार्थ नळ्यांच्या पात्यांवर पातळ थरात दिला की नळीतलं पाणी त्याला झटपट गार करतं, झटपट तापवतं. फेरा मिनिटांवर येतो. शिवाय ऊस हवेतलाच कार्बन घेऊन वाढतो. त्याचा धूर पकडून कायमचा साठवला, तर हवेतला कार्बन खरोखर कमी होतो. कोळशाच्या धुरात ते साधत नाही.

कोरडवाहू, औसा: भाऊ, गार करायला पाणी कुठलं? २०१५ मध्ये पाण्यावाचून परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आमच्याकडं ऊस लावावा का, यावरच वाद हायेत.

गोदाकाठ: दादा, उसातच ७० टक्के पाणी असतं. रस आटवताना त्याची वाफ निवून गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, मिळतं. उष्णता तिथूनच घेऊ, निवल्यावर तेच पाणी कूलिंग टॉवरला.

बॉयलर हाउस: सर, कंडेन्सेट रिकामं पडलेलं नसतं. बॉयलरला परत जातं, मिलवर इंबिबिशनला (उरलेला रस काढायला चिपाडावर पाणी मारायला) लागतं. आणि बगॅसमध्ये निम्मा ओलावा, म्हणजे धूर ओलाच. झिओलाइट पाणी आधी धरतो आणि कार्बन डायऑक्साइडला बाहेर ढकलतो. धूर वाळवायचा खर्च कुणी धरलाय? त्यात उडती राख पात्यांच्या फटीत बसणार. आणखी एक गोष्ट तुम्ही सोडून दिली. दर फेऱ्याला लेपाबरोबर सगळा धातू तापवावा आणि निववावा लागतो. थर पातळ, तर उष्णतेचा मोठा वाटा धातूत जातो. थर जाड केला तर तडकतो, सुटतो. कंडेन्सेट पुरलं नाही की वाफ काढणार, वाफ काढली की को-जनची (कारखान्यातच बगॅसवर तयार होणारी) वीज घटणार, आणि ते शेवटी उसाच्या बिलावर येणार.

गोदाकाठ: धातूचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच पातळ अॅल्युमिनियमची पाती वापरतात. ओलाव्यावर उपाय निघालेत. कॅल्फ-२० हा जस्ताचा सच्छिद्र पदार्थ बऱ्यापैकी दमट वायूतही कार्बन डायऑक्साइड धरतो, आणि कॅनडात सिमेंट कारखान्याच्या धुरावर तो चालवून बघितलाय. राखेसाठी स्क्रबर (धूर धुणारं यंत्र) हवाच.

डिस्टिलरी लॅब: तुम्ही दोघंही धुराड्याकडेच बघताय. १ टन इथेनॉलमागे फर्मेंटरमधून (मळी-रस आंबवायच्या टाकीतून) साधारण ०.९६ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही जवळजवळ शुद्ध. धुऊन, वाळवून दाबला की झालं, ना लेप ना फेरे. बऱ्याच ठिकाणी तो तसाच सोडतात याचं वाईट वाटतं. आधी तो घ्या, मग धुराचं बघू.

कोरडवाहू, औसा: ताईंचं पटलं. पण पकडून ठेवणार कुठं? आइसलँडमध्ये काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पाण्याबरोबर सोडतात, १ टन वायूला २५ टन पाणी. लातूरच्या पहिल्या रेल्वेत ५ लाख लिटर पाणी होतं. तेवढ्यात २० टन वायू मुरतो, बस्स.

गोदाकाठ: पाण्याशिवायही होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वलुला इथं २०१३ मध्ये दाबलेला वायू थेट बेसाल्टमध्ये सोडला, पुढे त्याचे खनिज कण सापडले. आपल्या पायाखाली बेसाल्टच आहे.

बॉयलर हाउस: किती खोल? तसा दाबून ठेवायला साधारण ८०० मीटर खोली लागते. भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तिथं बेसाल्ट ३४० मीटरच्या आसपासच संपला, खाली वेगळाच खडक.

कोरडवाहू, औसा: किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट बघितलेल्या माणसांना जमिनीत दाबानं काही सोडतो म्हणून सांगायला कोण येणार?

गोदाकाठ: किल्लारीच्या आसपास सोडायला माझाही विरोध. बेसाल्ट पश्चिमेला जाड होत जातो. पकडायचं इथं आणि पुरायचं सह्याद्रीकडे, असं का नको?

बॉयलर हाउस: मग टँकरचं डिझेल हिशेबात धरा, आणि आकडे मांडा.