आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन : सिमेंटबद्दल डॉक्टरांना काय विचारू?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची. दोन्ही पाय फेंगडे झालेत, उजवा जास्त. पूर्वी जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढायची, आता बिंदू चौकातून अंबाबाईच्या देवळापर्यंत चालायचं म्हटलं तरी दोनदा बसते. दोन डॉक्टरांना दाखवलं. सांधा बदला, आणि हाड ठिसूळ वाटतंय म्हणून, सांधा हाडात पक्का बसवायचं सिमेंट वापरूनच बदला, यावर दोघांचं एकमत आहे. सांध्याच्या किमतीवर २०१७ मध्ये सरकारी मर्यादा आली, त्यामुळं पैशाचंही जमतंय.

घोडं अडलंय दुसरीकडं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा बदललेला गुडघा चार वर्षांत सैल झाला. परत उघडला तेव्हा खालची, नडगीच्या हाडावर बसवलेली प्लेट हातानं सुटून आली म्हणे, तिच्या बुडाला सिमेंट जवळजवळ नव्हतंच. हे ऐकल्यापासून आईपेक्षा माझीच झोप उडालीय.

माझं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. मशीन बसवताना आम्ही काँक्रीट टोचून खडबडीत करतो, धूळ नि तेल काढतो, मगच ग्राउट, म्हणजे मशीनच्या बुडाखाली भरायचं पातळ सिमेंट, ओततो. तेल राहिलं की ग्राउट सुटणार, यात वाद नाही. हाडातल्या रक्ताचं नि चरबीचं काय करतात? आणि आईच्या एक्स-रेत आतल्या बाजूचं हाड पांढरंफेक दिसतंय, वर्षानुवर्षं तिकडंच वजन पडून टणक झालेलं. त्यात सिमेंट शिरणार कुठून? डॉक्टरांना हे विचारलं तर 'तूच कर की ऑपरेशन' म्हणतील, अशी धास्ती आहे.

— शिरोलीकर


शिरोलीकर, ३० वर्षं ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन होतो, तेवढ्या अधिकारानं सांगतो. ग्राउटचं उदाहरण अगदी बरोबर. हे सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिक, पावडर आणि द्रव कालवून करतात, वास डोक्यात जातो. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्याला ते वापरलं, तेव्हापासून तत्त्व एकच : चिकटवायचं नाही, हाडाच्या जाळीत रुतवायचं.

हाड कापून झालं की सलाइनच्या पिचकारीनं धुतात. सिरिंजनं धुणं वेगळं आणि पल्स लॅव्हाजच्या गननं धुणं वेगळं. गन ठोके देत पाणी मारते, जाळीतली चरबी नि रक्त बाहेर पडतं, भोकं उघडी दिसतात. मग गॉझ दाबून कोरडं करायचं. टणक भागात बारीक ड्रिलनं भोकं पाडतात, म्हणजे तुमचं टोचणंच. सिमेंट हाडात ३ ते ५ मिलिमीटर शिरलं की छान. फार खोल नको, घट्ट होताना ते तापतं.

आता तुमच्या काकूंची प्लेट. पुष्कळ सर्जन हाडाला आणि प्लेटच्या बुडाला, दोन्हीकडं सिमेंट लावतात. त्या बुडाला आधीच चरबी लागली किंवा सिमेंट आवळण्याआधी गुडघा हलवला, तर धरत नाही. पण सैल होण्यामागं जंतुसंसर्ग असू शकतो, पाय सरळ रेषेत न बसणंही असू शकतं. ऐकीव गोष्टीवरून सगळं खापर सिमेंटवर फोडू नका. रोबोटची जाहिरात बघून भुलू नका, तो हाड कापायला मदत करतो, सिमेंट माणूसच लावतो.

डॉक्टरांना सरळ विचारा : 'सर, पल्स लॅव्हाज वापरता का? टणक बाजूला ड्रिल करणार का?' चांगला सर्जन रागावत नाही, उलट एक्स-रे पुढ्यात घेऊन समजावतो. आणि हाड ठिसूळ 'वाटतंय' म्हणजे काय? डेक्सा, म्हणजे हाडाच्या घनतेची तपासणी, केली का?

— निवृत्त_ओटीवाला


काका, लई उपकार झाले. डेक्सा केलेली नाही, उद्याच करून घेतो. गुरुवारी डॉक्टरांची वेळ आहे, दोन्ही प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवलेत. आईचा प्रश्न मात्र एकच, रोजचा : मांडी घालून भाकरी थापता येईल का? कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालं असेल तर खरं काय ते सांगा. नाही म्हणायचं तर मलाच म्हणावं लागणार आहे.

— शिरोलीकर