इंद्रायणी नेमकी कुणाच्या हद्दीत आहे? महानगर नियोजन समिती हवी की नको? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

इंद्रायणीकाठ

गेल्या कार्तिक वद्य एकादशीच्या आदल्या पहाटे आळंदीच्या घाटावर होतो. पाण्यावर हातभर जाड पांढरा फेस. माझ्या पुढे परभणीकडच्या एक आजी उभ्या होत्या. त्यांनी हाताने फेस बाजूला सारला, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि तीर्थ म्हणून तोंडात घेतली. "आजी, नका पिऊ" एवढंच म्हणायचं होतं, पण शब्द फुटला नाही.

तो फेस आळंदीत तयार होत नाही. नदी लोणावळ्याकडून निघते, मावळातल्या गावांमधून वडगाव, तळेगाव, देहू करत येते, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कडेने वाहते आणि मग आळंदीला पोचते. वाटेत नगरपरिषदा आहेत, नगरपंचायती आहेत, कॅन्टोन्मेंट आहे, ग्रामपंचायती आहेत, एमआयडीसी आहे. कुणालाही विचारा, उत्तर एकच: "तो नाला आमच्या हद्दीत येत नाही." आणि सगळ्यांचं मिळून जे काही जमा होतं ते ज्या आळंदी नगरपरिषदेच्या पदरी पडतं, तिचा वरच्या एकाही गावावर अधिकार चालत नाही.

यावर उपाय घटनेतच आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातलं कलम २४३ झेडई सांगतं की १० लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या महानगर प्रदेशात महानगर नियोजन समिती असलीच पाहिजे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले हवेत, तेही त्या भागातल्या नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या प्रमुखांनी आपल्यातूनच निवडलेले. पाण्याचं वाटप, एकत्रित पायाभूत सोयी, पर्यावरणाचं जतन, म्हणजे नगरपालिका आणि पंचायती यांचे सामाईक प्रश्न लक्षात घेऊन विकासाचा मसुदा आराखडा करायचा, हे तिचं काम. आपल्या राज्यात यासाठी १९९९ चा कायदाही आहे.

पुण्यात या समितीची निवडणूक नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. एकूण ४५ सदस्यांपैकी निवडून द्यायच्या जागा ३०. चारच महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका आणि जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आले आणि ज्या पदाच्या जोरावर हे लोक समितीत गेले होते ते पदच उरलं नाही. पुढची जवळजवळ चार वर्षं तशीच गेली. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, नगरसेवक परत आले. आता तरी समिती पुन्हा पूर्ण भरा, तिच्या नियमित बैठका घ्या. पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, त्या समितीसाठी काम करावं, तिला वळसा घालून नव्हे. माझी मागणी एवढीच आहे.

पवनमावळ

विरोध. आणि का विरोध ते नीट सांगतो.

९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं होतं. आमचं म्हणणं साधं होतं. पाणी नदीतून वाहतं तोवर काठावरच्या मोटारी चालतात, विहिरींना पाझर लागतो. ते नळात कोंडलं की आमच्या वाट्याला कोरडं पात्र. मावळातल्या बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोक बसले, गोळीबार झाला, तीन माणसं गेली. त्यात एक बाई होती. मी तेव्हा बारावीत होतो. त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल पेटली नाही.

आता तुमची समिती. ३० जागांची वाटणी तुम्ही लिहिली नाहीत, मी लिहितो. दोन महापालिकांच्या २२, सगळ्या नगरपरिषदा-नगरपंचायतींना मिळून १, ग्रामीण भागाच्या ७. घटनेनेच लोकसंख्येचं प्रमाण धरायला सांगितलंय. उद्या नळाचा विषय समितीत आला, मतदान झालं, २२ विरुद्ध ७. वर आम्हाला ऐकवणार, "तुमचे सदस्य बसलेले होते की." आज ग्रामसभेचा ठराव करून निदान नाही तरी म्हणता येतं. ते आमचं "नाही" तुम्ही काढून घ्यायला निघालात.

तुमच्या आळंदीचंच बघा ना. सगळ्या छोट्या शहरांना मिळून एक जागा. लोणावळा, तळेगाव, चाकण, आळंदी, सगळ्यांचा मिळून एक माणूस!

नकाशा_आणि_मोजणी

नगररचनेत ३१ वर्षं नोकरी केली, निवृत्त आहे. माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं.

समितीकडे ना तिजोरी, ना अंमलबजावणीची यंत्रणा. घटनेने तिला मसुदा करून शासनाकडे पाठवायचा अधिकार दिलाय, पुढे काही नाही. नदी स्वच्छ करायची तर मैलापाण्याच्या वाहिन्या लागतात, शुद्धीकरण केंद्रासाठी जागा लागते, विजेचं बिल दरमहा भरावं लागतं. हे करायला एकच जबाबदार प्राधिकरण हवं. मुंबईत १९७५ पासून आहे, पुण्यात मार्च २०१५ मध्ये झालं, फार उशिरा झालं.

आणि एक कटू गोष्ट सांगतो, राग मानू नका. आराखड्यावरच्या सुनावण्यांना मी शेकड्याने बसलोय. येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात एकाच गटाचा सातबारा असतो आणि तोंडी एकच वाक्य असतं, "एवढा हिरवा पट्टा उठवा." निवडून आलेली माणसंही त्याच कामासाठी यायची. पूररेषा, उतार, टेकडी यांबद्दल विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ४५ जणांच्या बैठकीत नदी कुणाला आठवणार?

इंद्रायणीकाठ

@नकाशा_आणि_मोजणी, तुमच्या अनुभवाचा मान ठेवूनच विचारतो. प्राधिकरणाने काय साधलं? पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये आला. हरकतींचे ढीग लागले. समितीला डावलून आराखडा पुढे नेला जातोय म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. एवढ्या वर्षांचं काम, मोजण्या, नकाशे, सगळं पाण्यात. गावांना आधी विश्वासात घेतलं असतं तर निदान अर्ध्या हरकती बैठकीतच मिटल्या असत्या. सातबारा घेऊन लोक येतात ते आराखडा छापून झाल्यावर हातात पडतो म्हणून. आखायच्या आधी कुणी विचारलेलंच नसतं.

@पवनमावळ, तुमच्या २२ विरुद्ध ७ ला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. ते खरंच आहे, आणि आळंदीबद्दलही खरं आहे. पण सदस्य किती हे घटनेने प्रमाणात बांधलंय, निर्णय कसा घ्यायचा हे नाही. पाणी, कचरा आणि मैलापाणी या तीन विषयांवर शहरी आणि ग्रामीण सदस्यांचं वेगवेगळं बहुमत लागेल असा नियम राज्याच्या कायद्यात का घालता येऊ नये? म्हणजे तुमच्या सातांतले चार नाही म्हणाले की विषय थांबला.

निगडी_कात्रज_रोजची

समिती, प्राधिकरण राहू द्या, पीएमपीच्या बससेवेकडे बघा. २००७ च्या आधी पुण्याची पीएमटी वेगळी, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी. दोन्ही एकत्र करून एक कंपनी झाली. तुटीचा ६० टक्के वाटा पुणे महापालिकेचा, ४० टक्के पिंपरी-चिंचवडचा. मी रोज या बसने जाते. गर्दी असते, गाड्या बंद पडतात, सगळं मान्य. पण हद्द कुठे संपली ते मला तिकीट काढताना कळत नाही, आणि ते कळूच नये.

हे जमलं कशामुळे? दोघांचे पैसे गुंतले म्हणून. ज्याचा खिसा गुंतलेला असतो तो बैठकीला येतो, हिशेब मागतो, भांडतो आणि भांडून पुन्हा येतो. इंद्रायणीसाठी तसाच वाट्यांचा करार करा. घटनेतली समिती ३० वर्षांत नीट उभी राहिली नाही, तिची किती वाट बघायची?

पवनमावळ

पीएमपीचं ठीक आहे, तिथे दोन मोठे भाऊ होते. वडगावनं आणि एखाद्या वाडीनं कुठल्या पैशातून वाटा द्यायचा? आमच्या ग्रामपंचायतीत दिवाबत्तीचं बिल भरायची मारामार.

फेज_तीन

हिंजवडीत नोकरी, शेजारच्या माण गावात राहतो. जून २०२५ च्या पावसात आमच्या रस्त्यांचे ओढे झाले ते सगळ्या राज्याने बघितलं. रस्ता एमआयडीसीचा, कडेची इमारत पीएमआरडीएच्या परवानगीची, गाव ग्रामपंचायतीचं, मेट्रोचं कामही पीएमआरडीएचं, आणि थोडं पुढे गेलं की महापालिकेची हद्द सुरू. तक्रार करायची कुठे? चार अर्ज चार ठिकाणी दिले, चारही ठिकाणी पोच मिळाली, पाणी तिथेच.

म्हणून म्हणतो, समित्या पुरे. सरळ हद्दवाढ करा. एक पालिका, एक आयुक्त, एक नगरसेवक ज्याची गचांडी धरता येईल.

किरकटवाडी_सिंहगडरोड

@फेज_तीन, आम्हाला विचारा हद्दवाढ म्हणजे काय असतं ते. ३० जून २०२१ ला आमच्यासह २३ गावं पुणे महापालिकेत गेली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा सगळ्या देशाला किरकटवाडी, सिंहगड रस्त्यावरचं नांदेड, धायरी ही नावं कळली. पालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती आणि नांदेडच्या विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून घरोघर येत होतं, शुद्धीकरण केंद्र नव्हतंच. खडकवासला धरण आमच्या उशाशी आहे हो! धरणाच्या भिंतीखालच्या गावाला शुद्ध पाणी नाही, कारण ती वाहिनी आखताना आम्ही कुणाच्याच नकाशात नव्हतो.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ ला आत घेतली. शहराचा कचरा त्यांनी त्याआधीपासूनच सोसला होता. मग २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद करून बाहेर काढली. आत घेतलं म्हणून प्रश्न सुटला असं कुठल्या गावाने म्हटलंय, मला एक नाव सांगा. गावं बाहेर असतानाच, बांधकामं उठायच्या आधी, पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या वाहिन्या शहराबरोबर बसून आखल्या गेल्या पाहिजेत. त्यासाठी समिती हवीच. माझा धाग्याला पूर्ण पाठिंबा.

नकाशा_आणि_मोजणी

किरकटवाडीचा मुद्दा खोडता येणार नाही. वाहिन्यांचं नियोजन वस्तीच्या आधी व्हायला हवं होतं, ते आमच्या पिढीच्या हातून झालं नाही. हे मी मान्य करतो आणि ते मनाला लागलेलंही आहे.

तरी समितीला दात हवेत, नाहीतर चहाबिस्किटांची बैठक होईल. मला सुचतं ते असं. नदी जिथे एका संस्थेच्या हद्दीतून दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत जाते, त्या प्रत्येक ठिकाणी दरमहा पाण्याचा नमुना घ्यायचा. आत येताना पाणी कसं होतं आणि बाहेर जाताना कसं आहे, दोन आकडे शेजारी शेजारी. ज्याच्या हद्दीत घाण वाढली त्याने त्या प्रमाणात पैसे एका सामाईक निधीत भरायचे आणि त्या निधीतून छोट्या गावांची शुद्धीकरण केंद्रं चालवायची. म्हणजे वाडीने वाटा कुठून द्यायचा हा पवनमावळ यांचा प्रश्नही सुटतो. वाडीची घाण किती आणि महापालिकेची किती, ते बाटलीच सांगेल. हद्दीचा वाद मग नदीच्या उपयोगी पडेल.

निगडी_कात्रज_रोजची

हे पटतंय. खिसा गुंतला.

इंद्रायणीकाठ

नमुन्यांची कल्पना मी समितीच्या मागणीत घालतो. पण समिती बसेपर्यंत थांबायला नको. नाले कुठे कुठे मिळतात याची यादी तर आपण करू शकतो. ज्येष्ठात माउलींची पालखी निघायच्या आत लोणावळ्यापासून तुळापूरपर्यंत, जिथे इंद्रायणी भीमेला मिळते, काठाने टप्प्याटप्प्याने चालायचं. प्रत्येक नाला, कुठल्या संस्थेची हद्द, पाण्याचा रंग, वास, फोटो. आळंदी ते तुळापूर मी करतो. चऱ्होली-चिखलीकडचं कुणी घेईल का?

@पवनमावळ, तुमच्या "नाही"ला धक्का न लावता हे करता येईल असं मला मनापासून वाटतं. ग्रामीण सदस्यांचं वेगळं बहुमत नसेल तर त्या समितीच्या विरोधात मी तुमच्याबरोबर उभा राहीन. इथे लिहून देतो.

पवनमावळ

समितीबद्दल माझं मत बदललेलं नाही. कायद्यात ते वेगळं बहुमत छापून आलेलं दिसलं की बोलू.

पण कामशेत ते वडगाव नाले मला पाठ आहेत. लहानपणी ज्यांच्यात खेकडे धरले त्यातल्या दोघांत आता पाय घालवत नाही. रविवारी सकाळी सातला कामशेत स्टेशनवर या. बाटल्या जास्तीच्या आणा.