मदत हवी आहे: कंट्रोल मेजच्या जोडीला कोणते साथीदार घ्यावेत?

मिडलेनकर

नमस्कार. लीग ऑफ लेजंड्स या पाच विरुद्ध पाच ऑनलाइन खेळातील संघरचनेबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न थोडा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

आम्ही पाच जण लवकरच एका कॉलेज फेस्टमधील खुल्या स्पर्धेत उतरणार आहोत. मिड लेनवर (नकाशाच्या मधल्या वाटेवर) मी असतो आणि तिथे केवळ कंट्रोल मेज (मैदान अडवून धरणारे जादूगार) खेळतो. ओरिआना, व्हिक्टर आणि अनिव्हिया या तिघा पात्रांवर माझा हात बसलेला आहे. झेड किंवा अकाली यांच्यासारखे मारेकरी माझ्या स्वभावाला मानवत नाहीत. त्यामुळे मिडची जागा ठरलेली आहे असे धरून उरलेल्या चौघांचा विचार करायचा आहे.

कंट्रोल मेजचे बळ आणि उणीव येथे सर्वांना ठाऊक असेलच. लांबून मारा करणे, वेव्ह (शत्रूच्या शिपायांची लाट) झटपट साफ करणे आणि लढाईच्या वेळी जमिनीचा एक तुकडा असा अडवून ठेवणे की प्रतिस्पर्ध्याला तिथे पाऊल टाकताना दहादा विचार करावा लागेल, ही त्याची कामे. मात्र त्याच्या अंगात जीव बेताचा असतो, निसटण्याची सोय जवळजवळ नसते, आणि फ्लॅश (क्षणात थोडे दूर उडी घेण्याची सोय) एकदा खर्ची पडला की पुढची पाच मिनिटे तो कोणाच्याही तावडीत सापडू शकतो. म्हणूनच त्याला दोन प्रकारची माणसे लागतात: शत्रूला त्या तुकड्यात पकडून ठेवणारा, आणि मेजच्या अंगावर धावून येणाऱ्याला थोपवणारा. ही दोन्ही कामे कोणाकडे सोपवायची, तिथे माझे घोडे अडले आहे.

आमच्यापैकी टॉप लेनवर खेळणारा मित्र फिओराचा भक्त आहे; त्याला टँक (पुढे राहून मार झेलणारे पात्र) घ्यायला सांगणे म्हणजे भांडण ओढवून घेणे होय, पण अलीकडे तो शेन आवडीने खेळू लागला आहे. मार्क्समन (लांबून शस्त्राने मारा करणारा) म्हणून दुसरा मित्र जिंक्स घेतो, म्हणजे पळता न येणारा आणखी एक जण. वाटांमधले जंगल सांभाळणारा माझा आतेभाऊ जारव्हन, व्हाय, नॉक्टर्न आणि अमुमू यांपैकी काहीही खेळतो. सपोर्ट (साथीदारांना मदत करणारे पात्र) खेळणारी मैत्रीण नॉटिलस आणि लिओना जितक्या सफाईने खेळते, तितक्याच सफाईने लुलू आणि जॅनाही खेळते. थोडक्यात, जंगल आणि सपोर्ट या दोनच जागा खऱ्या अर्थाने मोकळ्या आहेत.

आता मुंबईच्या अडचणी. मी मुलुंडला राहतो, आतेभाऊ वसईला, बाकीचे चेंबूर आणि दहिसरला. सगळे घरी पोहोचून जेवणखाण आटोपेपर्यंत साडेदहा वाजतात, आणि त्या वेळी माझ्या मागे दोन हातांवर आईबाबा झोपलेले असतात. त्यामुळे माइकवर ओरडून सूचना देणे शक्य नसते. जे बोलायचे ते कुजबुजत आणि दोन शब्दांत. पावसाळ्यात आतेभावाच्या घरचे पिंग (इंटरनेटचा विलंब) ऐन लढाईत उसळी मारते, हे वेगळेच. (अवांतर: एकाची लोकल लटकली की आम्ही चार जण उरतो, आणि फ्लेक्स रँक्डमध्ये (गटाने खेळायच्या क्रमवारीच्या सामन्यांत) एक, दोन, तीन किंवा पाच जणांचा गट चालतो, चौघांचा चालत नाही. हा नियम करणाऱ्याने विरार लोकल पाहिलेली नसावी.)

तर जंगल आणि सपोर्ट या दोन्ही जागांवर लढाई सुरू करणारे घ्यावेत, की एक सुरू करणारा आणि एक राखण करणारा? फार न बोलता खेळता येईल अशी रचना कोणती? आणि ड्राफ्टमध्ये (दोन्ही संघ आळीपाळीने पात्रे निवडतात तेव्हा) मी माझी निवड आधी करावी की शेवटी? आगाऊ आभार.

ढालकरी

प्रश्न नीट मांडला आहे, परंतु तुमच्या तीन मेजना एकाच टोपलीत घालून त्याचे उत्तर देता येणार नाही, कारण ओरिआनाला लागणारे साथीदार वेगळे आणि व्हिक्टर-अनिव्हियाला लागणारे वेगळे.

ओरिआनाचा चेंडू तिच्यापासून दूर काम करतो. तो संरक्षण देता देता साथीदाराच्या अंगावर बसवता येतो आणि तो साथीदार जिथे उडी घेईल तिथे चेंडूही जातो. म्हणून ओरिआना मागे सुरक्षित अंतरावर उभी राहते, पुढचा माणूस शत्रूंच्या घोळक्यात शिरतो आणि तिची अल्टी (पात्राची सर्वांत मोठी ताकद) सर्वांना चेंडूकडे खेचते. जारव्हन, व्हाय, नॉक्टर्न, वुकाँग, मॅल्फाइट ही तिची माणसे. मॅल्फाइटची अल्टी दीड सेकंद हवेत उडवते आणि ती मध्येच अडवता येत नाही. तेवढ्या वेळात चेंडूचे काम सहज होते. अंतर मात्र ध्यानात ठेवावे. चेंडू घेतलेला साथीदार फार पुढे गेला तर चेंडू आपोआप ओरिआनाकडे परततो, आणि मग आत शिरलेला बिचारा एकटाच मार खातो.

व्हिक्टर आणि अनिव्हिया यांना शत्रूकडे जायचे नसते, शत्रू त्यांच्याकडे यावा लागतो. व्हिक्टरचे गुरुत्वाकर्षणाचे वर्तुळ पळणाऱ्यावर टाकून फारसा उपयोग नाही, कारण त्यात थोडा वेळ अडकून राहिल्याशिवाय स्टन (क्षणभर सुन्न होणे) लागत नाही. तेच वर्तुळ स्वतःच्या पायाशी टाकले, तर धावून येणारा मारेकरी त्यात रुतून बसतो. अनिव्हियाची भिंत ड्रॅगनच्या खड्ड्याच्या तोंडाशी किंवा जंगलातील अरुंद वाटेवर टाकली, तर संध्याकाळच्या दादरच्या पुलावर मधला जिना बंद केल्यासारखी अवस्था होते: अर्धे अलीकडे, अर्धे पलीकडे. अशा मेजला प्रतिहल्ला करणारे आणि राखण करणारे साथीदार लागतात. लुलू इथे अगदी चपखल बसते. धावून आलेल्याचे क्षणभर निरुपद्रवी प्राण्यात रूपांतर करते आणि तिच्या अल्टीने त्याला हवेतही उडवता येते.

म्हणून माझे मत असे: ओरिआना असेल तर जारव्हन आणि नॉटिलस, म्हणजे दोघेही सुरू करणारे, व्हिक्टर किंवा अनिव्हिया असेल तर सपोर्टला लुलू, आणि जंगलात व्हाय.

रात्रपाळी

ढालकरी यांच्याशी बव्हंशी सहमत, पण एक मुद्दा राहिला. राखण करणारा साथीदार शत्रूला कुठल्या दिशेने हलवतो, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. जॅनाची अल्टी शत्रूंना दूर ढकलते. अलिस्टारची धडकही दूर ढकलते. ली सिनची लाथ आणि ग्रागसचे पिंप यांचेही तेच. मारेकऱ्यापासून वाचवायला ही उत्तम साधने आहेत, परंतु व्हिक्टरचे वादळ चारही शत्रूंवर घोंघावत असताना जॅनाने घाबरून अल्टी दाबली, तर तिने आपल्याच मेजचे गिऱ्हाईक उधळून लावलेले असते. ओरिआनाच्या बाबतीत तर हे अधिकच जाणवते, कारण ती ज्यांना एका ठिकाणी गोळा करते, त्यांनाच दुसरा विखरून टाकतो. कंट्रोल मेजसोबत शक्यतो ओढणारा किंवा जागच्या जागी खिळवणारा साथीदार घ्यावा: नॉटिलसचा नांगर, लिओनाचा स्टन, थ्रेशचा आकडा, अमुमूची अल्टी. तुमची मैत्रीण जॅना घेणार असेल, तर तिची अल्टी केवळ जिंक्स किंवा तुम्ही संकटात असतानाच वापरायची, हे आधीच ठरवून टाका.

अमुमूचा विषय निघालाच आहे तर नुकसानीच्या प्रकाराचाही विचार करा. जादुई प्रतिकार 100 असेल तर जादुई मारा 100 भागिले 200, म्हणजे निम्माच लागतो. 50 असेल तर दोन तृतीयांश लागतो. तुमच्यासोबत जंगलातूनही जादुई मारा येऊ लागला, की समोरचे टँक जादुई प्रतिकाराचे सामान निश्चिंतपणे घेतात, आणि त्याची झळ मुख्यतः तुम्हाला बसते. जारव्हन, व्हाय आणि नॉक्टर्न हे तिघेही शारीरिक मारा करतात, शिवाय जिंक्स आहेच. मग समोरच्याला दोन्हींची तजवीज करावी लागते. तुमच्या संघात टॉपला भक्कम जादुई मारा नसल्यामुळे एकदा अमुमू चालून जाईल, पण तो पहिली पसंती नसावा.

एक बारीक गोष्ट. मर्क्युरीज ट्रेड्स घातलेल्या शत्रूवर स्टनचा अवधी 30 टक्क्यांनी घटतो, म्हणजे दीड सेकंदाचा स्टन एक सेकंदाच्या थोडा वर उरतो. हवेत उडवण्याचा अवधी मात्र त्या बुटांनी कमी होत नाही. समोरच्यांनी ते बूट घेतलेले दिसले, तर केवळ स्टनच्या भरवशावर बसू नये, हवेत उडवणारा एक तरी साथीदार संघात असावा. व्हाय आणि जारव्हन दोघेही ते करतात.

मिडलेनकर

दोघांचेही मनापासून आभार. ढकलणे आणि ओढणे हा भेद मैत्रिणीला वाचून दाखवला. तिने जॅना तूर्त बाजूला ठेवण्याचे मान्य केले आहे. आता अडचण जिंक्सची. मीही पळू शकत नाही, तोही पळू शकत नाही. एकटी लुलू दोघांना कशी पुरणार? मार्क्समन बदलायला सांगावे काय? तसेच शेनबद्दल कोणी काही बोलले नाही.

खाडीपलीकडचा

शेन हेच तुमच्या कोड्याचे उत्तर आहे, असे मला वाटते. त्याची अल्टी नकाशावर कुठेही असलेल्या साथीदाराला ढालीसारखे संरक्षण देते आणि तीन सेकंदांनी तो स्वतः तिथे प्रकट होतो. म्हणजे तुमचा मित्र बाजूच्या लेनमध्ये फिओरासारखाच एकटा खेळू शकतो, त्याची हौसही भागते आणि लढाईला पाचवा माणूसही मिळतो. तुमच्यावर झेड आला, तर तुम्ही झोन्याजने (मार लागू न देता गोठवून ठेवणाऱ्या वस्तूने) अडीच सेकंद गोठून राहायचे आणि तेवढ्यात शेनने अल्टी पूर्ण करत आणायची. गोठण्यातून बाहेर पडता पडता तो शेजारी उभा असतो. एवढे झाले, की लुलूला निर्धास्तपणे जिंक्सकडे लक्ष देता येते. मार्क्समन बदलण्याची गरज नाही. मित्राला स्वतःहून बदल हवा असेल, तर ओरिआनाच्या रचनेत सिव्हिर पाहावी, कारण तिची अल्टी सर्वांचा वेग वाढवते आणि चेंडू घेऊन शिरणाऱ्याच्या मागोमाग संघाला पोहोचता येते. फिओरा घ्यायचीच झाली, तर ती अनिव्हियासोबत घ्यावी. अनिव्हिया मिडच्या टॉवरखाली येणारी वेव्ह एकहाती परतवत राहते आणि चौघांना लढाई टाळता येते, तोवर फिओरा दुसऱ्या टोकाला टॉवर पाडते.

आता आतेभावाचे पिंग. जारव्हनचा झेंडा आणि भाला यांचा मेळ क्षणाचा असतो. पिंग उसळले की भाला झेंड्याला चुकवून भलतीकडे जातो. व्हाय आणि नॉक्टर्न यांची अल्टी लक्ष्यावर टिचकी मारून सोडायची असते, नेम धरावा लागत नाही. पाऊस कोसळत असेल त्या रात्री त्याला हेच दोघे द्यावेत. न बोलता खेळण्याच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे, कारण व्हायने अल्टी कोणावर टाकली हे सर्वांना पडद्यावर दिसतेच. "तोच आपला गडी" एवढा एकच नियम आधी ठरवला, की कुजबुजण्याचीही गरज उरत नाही. ओरिआना खेळताना तुम्ही चेंडू ज्याच्या अंगावर बसवाल त्याने शिरायचे, हाही असाच मुका संकेत आहे.

ड्राफ्टबाबत: स्पर्धेत टूर्नामेंट ड्राफ्ट असेल, तर पहिल्या फेरीत प्रत्येकी तीन बॅन (पात्रांवर बंदी) आणि तीन निवडी, नंतर दोन बॅन आणि दोन निवडी, असा क्रम असतो, आणि अगदी शेवटची निवड लाल बाजूला मिळते. पहिल्या फेरीत व्हाय आणि नॉटिलस घेऊन टाका. दोघेही तुमच्या कोणत्याही मेजसोबत चालतात, त्यामुळे समोरच्याला तुमची दिशा कळत नाही. लाल बाजूला असाल तर मिड शेवटी राखून ठेवा. निळ्या बाजूला असाल तर दुसऱ्या फेरीतील दोन्ही बॅन समोरच्याच्या मिडवरील मारेकऱ्यांवर खर्च करून मग लागोपाठच्या दोन निवडींत मिड आणि टॉप घ्या.

ढालकरी

शेनचा मुद्दा पटला, माझ्या ध्यानात यायला हवा होता. फक्त जारव्हन घेतलात तर एक सांगून ठेवतो. त्याच्या अल्टीने उभी राहणारी वर्तुळाकार भिंत आपल्या माणसांनाही अडवते. ओरिआनासोबत ते चालते, कारण चेंडू त्याच्या अंगावर आधीच बसलेला असतो आणि तुम्हाला आत जावे लागत नाही. पण जिंक्स त्या भिंतीत सापडली, तर फ्लॅशशिवाय बाहेर येऊ शकत नाही. तेव्हा जारव्हनने उडी घेताना जिंक्स कुठे उभी आहे, याकडे आतेभावाला एक डोळा ठेवायला सांगा.

मिडलेनकर

ठीक. शनिवारी रात्री शेन, व्हाय, व्हिक्टर, जिंक्स आणि लुलू अशी जुळणी करून पाहतो, आणि नंतर व्हिक्टर-लुलूच्या जागी ओरिआना आणि नॉटिलस. सामन्यांचे निकाल याच धाग्यावर लिहीन.