मदत हवी आहे: सँड प्लांटचं पीएलसी लॉजिक कसं वाटावं?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. साच्यांची वाळू तयार करणाऱ्या सँड प्लांटवर सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आहे. पॅनेलवाल्याने सगळा प्रोग्राम ओबी१ मध्येच, म्हणजे सतत फिरणाऱ्या मुख्य ब्लॉकमध्येच लिहून दिलाय. बेल्ट, बकेट एलिव्हेटर, हॉपरचे गेट, मिक्सर, सगळं एकाखाली एक.

परवा रिटर्न सँडचा बेल्ट मॅन्युअलवर चालू होईना. बटण दाबलं की प्रोग्रामच्या त्या नेटवर्कमध्ये (ओळीत) आउटपुटची कॉइल हिरवी दिसते, पण मोटरला वीज देणारा कॉन्टॅक्टर ओढत नाही. शोधता शोधता बरंच खाली ऑटोच्या भागात तेच आउटपुट पुन्हा लिहिलेलं सापडलं. स्कॅनमध्ये (प्रोग्रामच्या एका फेरीत) शेवटी जे लिहिलं जातं तेच बाहेर पडतं, मग वरचं काय कामाचं!

मिक्सरची बॅच तर सेट-रिसेटच्या बिटांवर (चालू-बंदच्या खुणांवर) चालते. मध्येच लाईट गेली की कुठला बिट अडकला ते कळत नाही आणि पोरांना भिजलेली वाळू फावड्याने उपसावी लागते. ते बघवत नाही.

येत्या शटडाउनला नीट मांडणी करायची आहे. एफबी (प्रोग्रामचे वेगळे ब्लॉक) मोटरप्रमाणे पाडू की प्लांटच्या भागाप्रमाणे? स्कॅन टाइम वाढेल का?

प्रतिसाद:

चिकोडीकडे साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, आमच्याकडे असं करतो. दोन्ही पाडा भाऊ. मोटरसाठी एकच एफबी लिहा: मॅन्युअल-ऑटो, इंटरलॉक (अट पुरी नसेल तर मोटर अडवणं), ओव्हरलोड, आणि फीडबॅक (मोटर चालू झाल्याचा सिग्नल) वेळेत आला नाही तर फॉल्ट. प्रत्येक मोटरला वेगळा इन्स्टन्स डीबी (त्या मोटरचा डेटा ठेवायची जागा). आउटपुट फक्त इथूनच लिहायचं. मिक्सरच्या एफबीने मोटर मागायची, आउटपुटला हात लावायचा नाही.

बॅचसाठी बिट नकोत, स्टेपचा एकच आकडा ठेवा: १० रिकामा, २० वाळू, ३० पाणी. एससीएलमध्ये (मजकुरासारखी लिहायची पीएलसीची भाषा) केस वापरा. मध्ये स्टेप घालायला जागा राहते, आणि एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) आकडा दाखवला की गाडी कुठे अडली ते ऑपरेटरलाही दिसतं. आकडा रिटेन करा, म्हणजे लाईट गेली तरी टिकेल, पण लाईट आल्यावर आपोआप काही सुरू होऊ देऊ नका. बॅच पुढे न्यायची की मिक्सर रिकामा करायचा, हे ऑपरेटरला विचारा.

पुढच्या बेल्टचा रनिंग फीडबॅक हीच मागच्या बेल्टची परवानगी, नाहीतर चूटपाशी वाळूचा ढीग होतो. इमर्जन्सी स्टॉप आणि मिक्सरच्या दाराचा स्विच मात्र सेफ्टी रिलेवर, तारेनेच. हे साध्या पीएलसीच्या भरवशावर ठेवू नका, आत माणूस उतरतो.

स्कॅन टाइमची चिंता सोडा, बेल्टला चार मिलीसेकंदांनी काही होत नाही. आधी चालू प्रोग्रामचा बॅकअप घ्या आणि एकाच बेल्टवर करून बघा.