डनॉटर किल्ला पाहिलेल्यांनो, अनुभव लिहा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, स्टोनहेवनजवळचा डनॉटर. तिन्ही बाजूंना समुद्र, कडा साधारण ५० मीटर. पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जायचं घाटतंय. इतिहास वाचलाय, पण जाऊन आलेल्यांनी प्रत्यक्षातलं सांगा.

*

आधी गुडघ्यांचं बोलू. फोटोत किल्ला अगदी समोर दिसतो, पण मधल्या घळीत पूर्ण उतरून मग पुन्हा वर चढावं लागतं. परतताना तेच उलट! माझे बाबा दरवाजापर्यंत आले आणि तिथेच बसले. बसल्या बसल्या कडा निरखत होते. गोटे सिमेंटमध्ये कालवून थापावेत तसा तो खडक आहे. "हे माणसाने केलंय की देवाने?" असं त्यांनी दोनदा विचारलं. खडक नैसर्गिकच आहे, नदीचे गोटे घट्ट होऊन बनलेला.

*

मला राजमुकुटाची गोष्ट पाहायची होती. इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याच्या सैन्यापासून वाचवायला स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार इथे आणून ठेवले होते. १६५१-५२ मध्ये वेढा पडला, तो आठ महिने चालला. किल्ला पडला तेव्हा आत मुकुट नव्हताच! जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याच्या बायकोने तो आधीच बाहेर काढला होता, असं एक कथा सांगते. दुसरीत मोलकरीण समुद्रशेवाळ गोळा करायच्या बहाण्याने टोपलीतून नेते. मला दुसरी आवडते. तिन्ही वस्तू १६६० पर्यंत किनेफच्या चर्चच्या जमिनीखाली पुरलेल्या होत्या. आता त्या एडिंबरा किल्ल्यात आहेत. जमलं तर तेही करा, नाहीतर गोष्ट अर्धी राहते.

*

तळघर चुकवू नका, पण आनंदाने जाऊही नका. १६८५ मध्ये राजाची धर्मसत्ता न मानणारे १६७ कव्हनंटर स्त्रीपुरुष तिथे कोंडले होते. समुद्राकडे एक खिडकी आहे. काहींनी तिच्यातून कड्यावरून उतरून पळायचा प्रयत्न केला. मी खाली वाकून पाहिलं आणि लगेच मागे सरलो. बायको म्हणाली, चेहरा पांढराफटक पडला होता.

*

आमचं सगळं वाऱ्याने खाल्लं. जोराचा वारा असला की फाटक बंद ठेवतात, आणि आम्ही नेमके त्याच दिवशी गेलो! निघायच्या आधी चौकशी करा. अलीकडच्या कड्यावरून तासभर नुसतं पाहत बसलो. फोटो मात्र तिथूनच चांगले येतात.