रामभाऊ मराठे: गळा थोर, पण चाली?

गोखलेरोडकर:
परवा गडकरी रंगायतन नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर तलावपाळीवर भेळ खाता खाता हा वाद निघाला, तो इथे टाकतोय. पं. राम मराठे (१९२४-१९८९) आपल्या ठाण्याचे. महापालिका त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते. गायकीबद्दल दुमत नाहीच. पण संगीतकार म्हणून? विद्याधर गोखल्यांच्या 'मंदारमाला' नाटकातली (१९६३) पदं त्यांनी स्वतःच्याच मापाने शिवली, असं माझं मत. तो दमसास, त्या तडफेच्या ताना नसतील तर 'जय शंकरा' दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही. स्पर्धांमध्ये बघा, मुलं चाल गातच नाहीत, बुवांची नक्कल करतात.

पेटीमास्तर:
साफ चूक. नौपाड्यात माझ्या क्लासला दहा वर्षांची एक मुलगी येते. ताना येत नाहीत, मी दिल्याही नाहीत. काळी पाचची पट्टी, 'जय शंकरा'चा नुसता मुखडा आणि अंतरा. कोमल रिषभावर पोरगी अंमळ रेंगाळली आणि दाराशी चपला शोधणारे पालक गप्प झाले. अहिर भैरव राग दोन ओळींत उभा! हे काम चालीचं की तानांचं? आणि त्याच नाटकातलं 'बसंत की बहार आयी' विसरलात वाटतं. जुगलबंदी आहे ती, समोर गायक-नट प्रसाद सावकार. मग अर्धं माप कुणाचं घेतलं होतं?

घोडबंदरची:
बुवा शिकले कुणाकडे ते बघा की. मास्तर कृष्णराव, म्हणजे नाटक-सिनेमाच्या चालींचा कारखाना. जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे 'गुणीदास' नावाने बंदिशी करणारे, जोगकंस राग देणारे. त्या तालमीतला माणूस नुसत्या तानांच्या टेकूवर चाल उभी करेल? मात्र काही जागा वन्समोअरसाठी ठेवल्यात, हे मला ऐकताना जाणवतं. नाटकच होतं ते, गैर काय त्यात?

गोखलेरोडकर:
गैर नाही, पण माझा मुद्दा तोच आहे. क्लासमध्ये मुखडा गोड लागणं वेगळं आणि भरल्या थिएटरात पद पेलणं वेगळं. बुवांनीच चाली दिलेल्या 'मेघमल्हार' नाटकाची पदं आज किती जण गातात सांगा.

पेटीमास्तर:
गात नाहीत, हा गाणाऱ्यांचा आळस. त्याचं बिल बुवांच्या नावावर का फाडता? शनिवारी संध्याकाळी क्लासला या. पेटी मी धरतो, 'जय शंकरा' तुम्ही म्हणा, एकही तान न घेता.

गोखलेरोडकर:
येतो. पण काळी पाच नको हो, काळी एक द्या.