मदत हवी आहे: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या हिंसक गुन्ह्यांची तुलना कशी करू?

तापीकाठ: एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) जिल्हावार तक्त्यांत नुसत्या संख्या आहेत, दर नाही. २०११ च्या जनगणनेने भागलं तर चालेल का? आणि 'हिंसक गुन्हे' म्हणून सगळ्यांची एकच बेरीज घेऊ का?

आकडेमोड: भाऊ, सूत्र सोपं आहे: वर्षातले नोंदलेले गुन्हे भागिले त्या वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, गुणिले एक लाख. गोची भाजकात आहे. २००१ ते २०११ मध्ये नंदुरबार २५.७ टक्के वाढला, जळगाव १४.९. म्हणजे जुनी लोकसंख्या वापरली की नंदुरबारचा दर जळगावपेक्षा जास्त फुगतो. त्याच वाढीने सरळ पुढे नेलं तर २०२२ च्या मध्याला जळगाव सुमारे ४८.५ लाख, धुळे २४.४, नंदुरबार २०.३. अंदाजच, पण २०११ पेक्षा बरा.

पांझरा: बेरीज अजिबात नको. तिच्यात खुनासोबत दंगल आणि अपहरणही मोडतं. बांधावरून पाच जण हाणामारीला उतरले की दंगलीचं कलम लागू शकतं. अल्पवयीन मुलगी स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली तरी नोंद अपहरणाची. असे आकडे हिंसेइतकेच ठाण्याच्या नोंदणीच्या सवयीवर हलतात. खून घ्या, प्रेत सहसा लपत नाही. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सगळ्यात गंभीर तेच मोजतात. खुनासोबत जबरी चोरी असेल तर ती जबरी चोरीच्या रकान्यात दिसणारच नाही.

तापीकाठ: फक्त खून घेतले तर नंदुरबारचा आकडा दरवर्षी वरखाली होईल ना?

आकडेमोड: होणारच. समजा वर्षाला २५ खून. अशा मोजणीत योगायोगाचा चढउतार साधारण वर्गमूळाच्या दुपटीपर्यंत जातो: वर्गमूळ ५, त्याची दुप्पट १०. म्हणजे १५ ते ३५ एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्यावरून 'गुन्हेगारी वाढली' असा मथळा देऊ नये. पाच वर्षांचे खून एकत्र करा आणि पाचही वर्षांच्या लोकसंख्येच्या बेरजेने भागा.

पांझरा: अजून तीन खड्डे. भुसावळ स्टेशनातला गुन्हा लोहमार्ग पोलिसांच्या ओळीत जातो, जळगावच्या नाही. आणि ठाण्याकडून कलमवार माहिती मागवणार असाल तर १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागते: खुनाला ३०२ ऐवजी १०३ आणि खुनाच्या प्रयत्नाला ३०७ ऐवजी १०९. जुनी-नवी दोन्ही कलमं मागा. १९९८ च्या आधीची मालिका हवी असेल तर नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होता.